पाठकोरे शब्द

इंग्रजीतले काही शब्द बोलण्यासाठी नसतातच. ते पाठ करण्यासाठी असतात. 'लुगूब्रियस' हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. इंग्रजी बातम्यांत नाही, सिनेमात नाही, आणि बँकेतल्या माझ्या सबंध नोकरीत तर नाहीच. तिथे 'काइंडली डू द नीडफुल' एवढ्या शिदोरीवर माणूस सुखाने निवृत्त होतो. तरी तो शब्द मला येतो. म्हणजे मी बोलावल्यावर येत नाही, त्याला वाटेल तेव्हा येतो. पोस्टात रांगेत उभी असते, खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी सुतकी चेहऱ्याने तिकिटं तिसऱ्यांदा मोजायला घेतलेली असतात, आणि माझ्या मनाच्या कुठल्याशा मागच्या दाराने तो शब्द हळूच आत येऊन उभा राहतो. लुगूब्रियस. दुःखी, पण जरा जास्तच दुःखी. पाहणाऱ्याला हसू यावं इतका. मग मी त्या गृहस्थांकडे उगाच आपुलकीने बघते. इतकी वर्षं विनाकारण सांभाळलेलं काहीतरी अखेर कुणालातरी बरोबर बसलं, याचं समाधान काही वेगळंच असतं.

खरं तर हे शब्द माझे नव्हेत. ते माझ्या दादाचे. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या आमच्यासारख्या घरांतून मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेला की घरात एक जाडजूड पुस्तक यायचं. त्याचं पूर्ण नाव कुणी घेत नसे. नुसतं 'बॅरन्स' म्हणायचं, पुढचं सगळ्यांना कळायचं. अमेरिकेत एमएस करायचं तर जीआरई द्यायची, आणि जीआरई द्यायची तर बॅरन्समधली साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करायची. त्या यादीचे पन्नास भाग केलेले असत. पहिला शब्द 'अबेस', म्हणजे मान खाली घालायला लावणं. शेवटचा 'झेफर', म्हणजे मंद वाऱ्याची झुळूक. व्हिसाच्या खिडकीपासून पलीकडच्या विमानतळापर्यंतचा प्रवास याहून थोडक्यात कुणी सांगितला नसेल. मधले सगळे शब्द वर्णानुक्रमाने. 'पेनम्ब्रा' म्हणजे ग्रहणातली उपच्छाया, आणि तिच्या पाठोपाठ 'पेन्युरी' म्हणजे कफल्लक अवस्था. एकमेकांशी काही नातं नाही, ओळखदेख नाही, केवळ आद्याक्षरं जुळली म्हणून जन्मभराचा शेजार.

दादाची प्रत जुनी होती, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. त्या चौकाला पुण्यात एबीसी म्हणतात, आणि तिथे मिळणारी जुनी बॅरन्सही बहुधा एबीसीपर्यंतच वाचलेली असत. आधीच्या मालकाने 'ए'च्या प्रत्येक शब्दाखाली पट्टी लावून रेघ मारलेली होती, समासात बारीक अक्षरात अर्थ लिहिले होते. 'बी'मध्ये पट्टी गेली, रेघ हाताने आली. 'सी'च्या मध्यावर एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता, आणि त्यानंतर पानं अशी कोरी, की वाटावं, तो मुलगा चहा संपवून उठला तो परत बसलाच नाही. त्या काळातल्या पुण्याला 'ए'पासून 'सी'पर्यंतचं इंग्रजी फार उत्तम येत असलं पाहिजे. 'अ‍ॅबस्टीमियस' माहीत नाही असा मुलगा सापडायचा नाही. 'व्ही', 'डब्ल्यू' मात्र बहुतेकांनी नशिबावर सोडलेले असत.

शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या असतात, असं दादाला कुणीतरी सांगितलं. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. कोरे कार्डपेपर विकत आणायचे आमच्या घरात कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. बाबा पाकिटंसुद्धा उलटी करून वापरायचे. पाठकोऱ्या लग्नपत्रिका मात्र घरात रग्गड होत्या. आई त्या देवघराखालच्या खणात ठेवायची. देवाचं नाव छापलेलं असतं, टाकायच्या कशा? दादाने त्या कात्रीने कापून चौकोन केले आणि शब्द नि अर्थ दोन्ही मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, अर्थ खाली दुमडून. त्यामुळे उलट्या बाजूला जे उरलं ते उरलं. 'पार्सिमोनी' म्हणजे कंजूषपणा, त्याच्या पाठीवर 'कृपया आहेर आणू नये'. 'फ्लिपंट' म्हणजे उथळ, त्याच्या पाठीवर 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं'. फुटपाथवर मिळणारं नॉर्मन लुईस यांचं 1949 सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'ही दादाकडे होतं. त्यातला 'मिसॉगमिस्ट', म्हणजे लग्नसंस्थेचा द्वेष करणारा, नेमका एका शुभमुहूर्ताच्या मागे जाऊन बसला होता; गोरज, सहा वाजून काही मिनिटं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. कात्री गेली तशी ती गेली.

लुईस यांचा स्वभाव बॅरन्सपेक्षा माणसाळलेला. ते शब्दांना कुळासकट बोलावतात. 'मिसॉगमिस्ट' आला की त्याचा स्त्रियांवर रागावलेला भाऊ येतो, मग सबंध मनुष्यजातीवर रुसलेला थोरला येतो, आणि तिघांचं मूळगाव ग्रीक भाषेत कुठे आहे तेही ते सांगतात. बॅरन्समध्ये असलं अगत्य नाही. तिथे एका अवघड शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा अवघड शब्द देतात. 'गॅरुलस' बघायला जावं तर तिथे 'लोक्वेशस' लिहिलेलं. म्हणून 'एल'मध्ये जावं, तर तिथे कुठे एकदाचं 'टॉकेटिव्ह' भेटणार. सरकारी कचेरीत या टेबलाने त्या टेबलाकडे पाठवावं तसं.

माझं काम विचारण्याचं होतं. मी शाळेत होते, रात्रीची जेवणं झाली की दादा कॉटवर आडवा व्हायचा आणि मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पायथ्याशी बसायचे. जगात पाठांतराला बसलेल्या माणसाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. विचारायला बसलेल्याविषयी कुणी लिहीत नाही. वास्तविक त्याचं आसन मोठं सुखाचं. उत्तर त्याच्या हातात असतं. त्याला काही सिद्ध करायचं नसतं, कुठे जायचं नसतं. तो फक्त 'हं' म्हणतो, किंवा 'नाही' म्हणतो, आणि न कळत तो अर्थ आणखी एकदा वाचतो. दादा शब्दांच्या मागे धावत होता, आणि शब्द बिचारे दमून माझ्याकडे येऊन बसत होते.

पाठ व्हावेत म्हणून दादा त्यांना मराठीत आणायचा. 'पेन्युरी'चं त्याने 'पै नुरली' केलं होतं, आणि माझ्या मते खुद्द इंग्रजांनाही तो शब्द इतका चपखल कधी लागला नसेल. 'लॅसिट्यूड' म्हणजे लस्सी प्यायल्यावर येते ती सुस्ती. 'गलिबल' म्हणजे ज्याला गल्लीतल्या कुणीही टोपी घालावी असा. 'बकॉलिक' म्हणजे बकऱ्या चरताहेत असं निवांत खेडं. 'कजोल', म्हणजे गोड बोलून मन वळवणं, हा शब्द तर 1995 साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आल्यावर पुण्यातल्या एकाही मुलाला पाठ करावा लागला नसेल. घोटाळा झाला तो 'जेजून'चा. त्याचा अर्थ नीरस, पोकळ. दादाने खूण केली 'जेवून'. भरल्या पोटी सगळंच नीरस वाटतं. पुढे शब्दकोशात पाहिलं तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला उपाशी. लहान आतड्याच्या एका भागाला जेजुनम म्हणतात, तेही जुन्या काळी चिरफाड करणाऱ्यांना तो भाग रिकामाच सापडायचा म्हणून. म्हणजे लॅटिन माणसाला जे उपाशीपोटी वाटलं तेच सदाशिव पेठेतल्या माणसाला जेवून उठल्यावर वाटलं, आणि दोघांनाही उत्तर बरोबर आलं.

माझी परीक्षा जवळ आली की विचारायचं काम आईकडे जायचं. चिठ्ठीवर शब्दाखाली दादाने देवनागरीत उच्चार लिहून ठेवलेला असायचा, त्यामुळे तिचं अडत नसे. अडायचं ते तिच्या मतांमुळे. आई शब्दाचा अर्थ नुसता विचारत नसे, तो तिला पटावाही लागायचा. 'पल्क्रिट्यूड' म्हणजे सौंदर्य, हे तिने शेवटपर्यंत मानलं नाही. "सौंदर्य? हे? मला वाटलं अंगावर काहीतरी उठतं, त्याचं नाव असेल." 'जगरनॉट' निघाला तेव्हा तिने चिठ्ठी दोनदा वाचली. "अरे, हा आपला जगन्नाथ." दादा म्हणाला, हो, पुरीचाच, वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी प्रचंड शक्ती असा अर्थ झालाय आता. जुन्या युरोपीय प्रवाशांनी रथाखाली चिरडल्या जाणाऱ्या भक्तांची रसभरीत वर्णनं नेली, त्यातून तो तसा झाला. आई म्हणाली, "एवढा देव रथात बसून मावशीकडे निघालेला, आणि यांना तेवढं चिरडणंच दिसलं." मग तिने ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घातली. बाबा हे सगळं पेपरामागून ऐकायचे. ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. त्यांचं इंग्रजी मोजकं पण इस्त्री केलेलं. "एवढे शब्द शिकून बोलणार कुणाशी?" एवढंच ते एकदा म्हणाले, आणि अग्रलेखाकडे वळले.

याच गोष्टीची उलटी बाजू मला पुढे कधीतरी सुचली, ती मोल्सवर्थचा कोश चाळताना. जेम्स मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. कँडी बंधू आणि पदरी घेतलेले शास्त्री-पंडित यांच्या मदतीने त्याने देशावरचे, कोकणातले, शिवराळ, सोवळे, सगळे शब्द टिपले. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तेव्हा देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. म्हणजे कुठल्यातरी बंगल्याच्या ओसरीवर घामाघूम झालेला एखादा लेफ्टनंट आडवा पडून 'किंकर्तव्यमूढ' घोकत असणार, आणि पायथ्याशी मांडी घालून कुणी शास्त्रीबुवा उत्तर हातात घेऊन बसलेले असणार. मला त्या शास्त्रीबुवांविषयी फार जवळीक वाटते. साहेब परीक्षा पास होऊन बढतीवर गेला असेल. शास्त्रीबुवांचं काय झालं, ते कोशात नाही. दरम्यान आपलं मुंगूस मात्र कसलीही परीक्षा न देता इंग्रजीत शिरलं आणि 'मंगूस' होऊन तिकडेच राहिलं.

शब्द असे नुसते चिठ्ठीवर किती दिवस राहणार? त्यांना माणसं लागतात. आमच्याकडे नातेवाइकांची ददात नव्हती, तेव्हा आम्ही दोघांनी वाटप करून टाकलं. चटकन चिडणारे चुलत आजोबा 'इरॅसिबल'. हॉटेलात बिल आलं की हात धुवायला उठणारे काका 'पार्सिमोनियस'. सोसायटीचा रखवालदार 'सॉम्नोलंट', म्हणजे पेंगुळलेला. त्याला हा शब्द इतका शोभायचा की तो जागा दिसला तर आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आणि साताऱ्याची आत्या 'गॅरुलस'. त्या शब्दासाठी दुसऱ्या कुणाचा विचारही झाला नाही. आत्याला साधं 'दूध नासलं' सांगायचं असलं तरी ती गवळ्याच्या आजोबांपासून सुरुवात करायची. गवळ्याचे आजोबा मूळचे कोरेगावचे, त्यांची जमीन कुळकायद्यात गेली, मग थोरल्याने म्हैस घेतली. दूध नासण्यापर्यंत यायला संध्याकाळ व्हायची, तोवर कुणीतरी नवीन आलेलं असायचं आणि आत्या त्याच्यासाठी पुन्हा कोरेगावपासून निघायची. "वन्संची टकळी सुरू झाली की मी कणीक भिजवायला घेते," आई म्हणायची, "पोळ्या होऊन ओटा पुसेपर्यंत मुद्दा येतो."

दादा परीक्षा पास झाला, गेला. पहिलं निळं अंतर्देशीयासारखं विमानपत्र आलं, त्यात त्याने लिहिलं होतं की इथे असलं कुणीच बोलत नाही. इथे सगळ्याला 'ग्रेट' म्हणतात. जेवण ग्रेट, हवा ग्रेट. माझा प्रोग्रॅम चालला नाही, तरी सरांनी 'ग्रेट जॉब' म्हणून कागद परत दिला. साडेतीन हजार शब्दांचं ओझं घेऊन उतरलेल्या माणसाचं काम तिथे पाच-पन्नास शब्दांत भागत होतं. मोठ्या सुटकेने त्याने ते ओझं खाली ठेवलं असणार, कारण पुढे एकदा फोनवर मी सहज 'ऑब्ड्युरेट' म्हणाले तर त्याने विचारलं, "हे औषध कशावर देतात?" मला उगाच वाईट वाटलं. ज्याच्यासाठी वसतिगृह उघडलं तोच विद्यार्थी आपल्याला ओळखत नाही, असं काहीसं. मग 2011 च्या ऑगस्टात खुद्द जीआरईनेच विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या हे दोन्ही प्रश्न काढून टाकले. आता म्हणे शब्द वाक्यात घालून विचारतात. बरोबरच आहे ते. शब्दाला घरदार हवं, हे त्यांना उशिरा का होईना, पटलं. पण तोवर आमच्या शब्दांनी आपापली घरं शोधलेली होती. न्यूयॉर्कमधला कुणी प्राध्यापक व्याख्यानात 'गॅरुलस' म्हणत असेल, तर तो नऊवारीतल्या, हातात सुपारीचा अडकित्ता धरलेल्या एका बाईविषयी बोलतो आहे हे त्याला माहीत नसतं. मला माहीत असतं.

गेल्या पावसाळ्यात आतोबा गेले. त्यानंतर आत्याचे फोन आखूड झाले. "बरी आहे. तुम्ही बरे ना? ठेवते." एवढंच. कोरेगाव नाही, कुळकायदा नाही. जीआरईच्या जुन्या पद्धतीत याला प्रश्न क्रमांक देऊन विचारलं असतं: 'गॅरुलस'च्या विरुद्ध काय? उत्तर 'टॅसिटर्न', मितभाषी. हा शब्द आमच्या घराण्यात कुणालाच न बसल्यामुळे इतकी वर्षं बिनकामाचा पडून होता. तो आता आत्याकडे जायला निघालेला पाहून मी मनातल्या मनात त्याला दोन-तीनदा परत पाठवलं.

जानेवारीत दादा आला तेव्हा आम्ही साताऱ्याला गेलो. आत्याने दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. आतोबांच्या आरामखुर्चीवर कुणी बसलं नाही. दादाने हवेविषयी विचारलं, आत्या म्हणाली, थंडी आहे. मी गुडघ्यांविषयी विचारलं, ती म्हणाली, दुखतात. मग दादाची नजर खिडकीतून बाहेर गेली. पलीकडच्या वाड्यातलं जांभळाचं झाड बुंध्यापासून तोडलेलं होतं. लहानपणी आम्ही दोघं त्यावरून पडलेलो. "आत्या, झाड कुणी तोडलं गं?" त्याने विचारलं.

आत्याने कपबशी खाली ठेवली. पदर खांद्यावरून पुढे घेतला, पाय वर घेऊन मांडी घातली. "ती धाकटी जाऊ आहे ना त्यांची," ती म्हणाली, "तिचं माहेर रहिमतपूरचं." दादाच्या खिशात गाडीवाल्याचा फोन वाजायला लागला होता. त्याने तो न बघताच बंद केला. मी उठून ओट्यावर कणीक कुठे ठेवली आहे ते बघितलं. "झाडाचं नंतर," आत्या बाहेरूनच ओरडून मला सांगत होती, "आधी तिच्या सासऱ्यांचं ऐक, त्याशिवाय तुला काही कळायचं नाही."